शववाहिका राहू दे, आधी एक शीतपेटी घ्या

कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. वडील गेले, विम्याचे ७ लाख आले. स्वतःचा छोटा हत्ती (मालवाहू टेम्पो) ते भाड्याने फिरवतात. आता जुनी व्हॅन घेऊन तिची शववाहिका करायची (४ लाख ८० हजार), मयत थंड ठेवायच्या दोन शीतपेट्या घ्यायच्या (१ लाख ४० हजार) आणि उरलेल्या पैशात मयताच्या सामानाचं दुकान टाकायचं. महिन्याला दहा कामं, प्रत्येकी साडेतीन हजार, असा हिशेब. घरात ६३ वर्षांची आई आहे.

आधी मालकीचं बोलू. पॉलिसीवर नॉमिनी आई आहे, असं तुम्हीच लिहिलंय. २०१५ साली विमा कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून नॉमिनी बायको असेल तर ती लाभार्थी मानली जाते आणि रक्कम तिच्याच हाती येते. इतर वारसांनी हक्क सांगितला तर काय, यावर मात्र कोर्टांची मतं वेगवेगळी आहेत. म्हणजे भांडवल आईचं, आणि आईचं मत तुमच्या पत्रात कुठेच नाही! माझं म्हणणं, त्यातले ६ लाख तिच्या नावावर पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला १२,३०० रुपये तिच्या हाती येतील. उरलेला लाख तिने राजीखुशीने दिला, तर तेवढाच धंद्यात घाला.

लाखात एक पेटी आणि छोटा जनरेटर बसतो, आणि सुरुवातीला तेवढं पुरे. गावातलं मयत गल्लीतली पोरंच खांद्यावरून नेतात. तिरडीचे कळक, शेणी, लाकूड गावच जमवतं. तिथे दुकानदाराला फारसं काम नाही. गाडी लागते ती बेळगावच्या दवाखान्यातून घरी आणताना, पण तिथे अँब्युलन्सवाले दारातच उभे असतात. तुमची व्हॅन मात्र उभी राहिली तरी विमा, फिटनेस, टॅक्स मागणारच. गोव्यात किंवा महाराष्ट्रात जायचं तर परवान्याचं वेगळंच.

पेटीची गरज खरी आहे. मुलगा पुण्यात, लेक गोव्यात, मग रात्रभर थांबावं लागतं. अजूनही कित्येक घरांत बर्फाच्या लाद्या आणतात, खाली परात ठेवतात आणि घरातलंच कोणीतरी पहाटेपर्यंत पाणी उपसत बसतं. ज्यांनी हे केलंय ते पेटीच्या भाड्यावर घासाघीस करणार नाहीत. पेटी तुमच्या छोट्या हत्तीतून जाईल. जनरेटर मात्र सोडू नका. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे हेस्कॉमची (वीज कंपनीची) लाईट गेली की कधी येईल याचा भरवसा नाही, आणि बंद पेटी म्हणजे नुसती काचेची पेटी.

दहा कामं मला जास्त वाटतात. महिन्याला चार धरा, भाडं दोन हजार. डिझेल आणि मदतनीसाची मजुरी जाऊन पाचेक हजार उरतील. लाख रुपये फिटायला पावणेदोन वर्षं. तोवर हत्तीची भाडी चालूच ठेवा. पुढे खरंच व्हॅन लागली, तर ५ लाखांपर्यंत मुद्रा कर्ज तारण न ठेवता मिळतं. आईची ठेव मोडायची नाही.

दराचं एक सांगतो. मयताच्या घरी कोणी दर विचारत नाही. तुम्ही सांगाल ते देतील आणि महिन्याभराने गावभर सांगत फिरतील. म्हणून फोन आला की लगेच, पेटी गाडीत चढवायच्या आधी दर सांगायचा. उधारी राहिली तर तेराव्यानंतर एखाद्या जाणत्या पाहुण्याकडे बोला, विधवेकडे तगादा नको. अंत्यसंस्काराच्या सेवेवर, मृतदेह नेण्या-आणण्यासकट, जीएसटी लागत नाही. तेव्हा बिलात तो आकारू नका.

आणि पेटी परत आणायला जाल तेव्हा घरच्यांना दोन गोष्टी सांगा, फुकट. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा, आणि कन्नड दाखल्यावरचं नाव आधारशी जुळतंय का, कन्नड वाचणाऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्या. दुसरं, गेलेल्याचं पासबुक काढून मे-जूनच्या नोंदी बघा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, २ लाखांचा. त्यासाठी बँकेत दावा करावा लागतो. २० रुपये कापले असतील तर तो अपघात विमा. कितीतरी घरांना आपल्याकडे असा विमा आहे हेच ठाऊक नसतं.