स्वस्त स्ट्रॅट गिटारचे पिकअप बदलायचे आहेत, कोणते घ्यावेत?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: तीन सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग, सिंगल कॉइल म्हणजे त्यात तारेचं एकच वेटोळं), फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या म्हणजे स्ट्रॅटच्या धर्तीची, सुरुवातीच्या किमतीतली गिटार. घरी छोट्या अ‍ॅम्पवर सराव, महिन्यातून एकदोनदा ऑर्केस्ट्रात जुनी हिंदी-मराठी गाणी आणि मध्येच थोडं रॉक. ब्रिज पिकअप, म्हणजे तारा बॉडीवर जिथे टेकतात त्या ब्रिजजवळचा, कानाला टोचतो आणि सतत घुंऽऽ ऐकू येतं. दहा हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे.

माझं मत आधीच सांगतो. खरेदीपूर्वी एक संध्याकाळ स्क्रूड्रायव्हर घेऊन गिटारपाशी बसा. त्यानंतरही टोचणं राहिलं, तर फक्त ब्रिजचा पिकअप बदला आणि तिथे सिंगल कॉइलच्याच मापाचा, मध्यम ताकदीचा हंबकर, म्हणजे गुणगुणाट न करणारा दोन कॉइलचा पिकअप, बसवा. तिन्ही एकदम बदलू नका.

हे मी स्वतः पैसे घालवून शिकलोय. आमच्या ऑर्केस्ट्रात असताना माझीही तक्रार हीच होती. मी सगळ्यात ताकदवान, सिरॅमिक चुंबकाचा हंबकर शोधला, त्यासाठी पिकगार्ड (पिकअप ज्यावर बसवलेले असतात ते बॉडीवरचं प्लास्टिकचं झाकण) कापून घेतलं आणि तो ब्रिजला बसवला. घरी एकटा वाजवताना फार आनंद झाला. कार्यक्रमात मात्र नेक पिकअपवर, म्हणजे गिटारच्या मानेजवळच्या पिकअपवर, मुखडा वाजवून म्युझिक पीससाठी स्विच ब्रिजकडे टाकला की आवाज एकदम दुप्पट व्हायचा. आवाज कमी केला की नेक ऐकूच यायचा नाही. शिवाय सत्तरच्या दशकातल्या गाण्यांत गिटारची जी चमकदार, मोकळी खणखण लागते ती गेलीच. कीबोर्ड वाजवणाऱ्या मित्राने तिसऱ्या कार्यक्रमानंतर सांगितलं, "तुझे कॉर्ड आता वेगळे ऐकूच येत नाहीत." त्याचं खरं होतं. तो पिकअप मी दीड वर्षाने अर्ध्या किमतीत विकला.

म्हणून आधी त्या संध्याकाळचं काम. पहिली गोष्ट, उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि तारेच्या खालच्या बाजूपासून पिकअपवरच्या धातूच्या छोट्या गोल खुंटीपर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. जाड सहाव्या तारेकडे साधारण २.४ मिलिमीटर आणि बारीक पहिल्या तारेकडे २ मिलिमीटर, इथून सुरुवात करा. बऱ्याच नव्या गिटारांत ब्रिज पिकअपची बारीक तारांकडची बाजू फार वर आलेली असते, टोचण्याचं निम्मं कारण तेच. पिकअपच्या त्या टोकाचा स्क्रू अर्धा फेरा फिरवा, वाजवा, ऐका, पुन्हा अर्धा फेरा. अर्ध्या मिलिमीटरनेही आवाजाचा पोत बदलतो. उलट नेक पिकअप फार वर असेल, तर चुंबक जाड तारांना ओढतो आणि बाराव्या फ्रेटच्या पुढे सूर विचित्र, दुहेरी ऐकू येतो. लोक तेव्हा इन्टोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरची सुराची अचूकता, बिघडलं म्हणून ब्रिजचे सॅडल (तारा ज्यावर टेकतात ते छोटे तुकडे) फिरवत बसतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, आणि ती फारसं कुणी सांगत नाही. स्विच ब्रिजवर ठेवा आणि दोन्ही टोन नॉब एकेक करून फिरवा. आवाजात काही फरक पडतो का? पडत नसेल, तर तुमची वायरिंग १९५४च्या मूळ स्ट्रॅटोकास्टरसारखी आहे: एक टोन नेकसाठी, एक मधल्यासाठी, आणि ब्रिजला टोनच नाही. ब्रिज पिकअप तारेच्या टोकाजवळ असतो, तिथे तार कमी हलते आणि तिच्या आवाजात वरच्या हार्मोनिक्सचं, म्हणजे तीक्ष्ण उपसुरांचं, प्रमाण जास्त असतं. म्हणजे सगळ्यात तीक्ष्ण पिकअपवर काहीच लगाम नाही. स्विचवर एक छोटी तार जोडून खालचा टोन नॉब ब्रिजलाही लागू करता येतो. खर्च जवळजवळ शून्य. टोन दहावरून सहा-सातवर आणून पाहा. माझ्या ओळखीतल्या दोघांनी एवढंच केलं आणि पिकअप घेण्याचा विचार सोडून दिला.

आता ती घुंघुं. तिचे दोन प्रकार असतात आणि त्यांवरचे उपायही वेगळे. खोलीत गिटार हातात घेऊन हळूहळू गोल फिरा. एखाद्या दिशेला आवाज जवळजवळ नाहीसा होत असेल, तर तो विजेच्या ५० हर्ट्झचा चुंबकीय गुणगुणाट आहे, जवळच्या ट्रान्सफॉर्मरमधून किंवा अ‍ॅडॅप्टरमधून आलेला. कॉइलमधली तार तो अँटेनासारखा पकडते. तांब्याची पट्टी लावून तो जात नाही, त्यासाठी हंबकरच लागतो. दुसरा आवाज झर्रर्र असा खरखरीत असतो. तो डिमरच्या लाइटमधून आणि जुन्या ट्यूबलाइटमधून येतो आणि तारांना हात लावला की कमी होतो. आतल्या खोबणीला तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडली की या दुसऱ्या आवाजात चांगला फरक पडतो. गणपतीच्या मांडवात, जनरेटर आणि रोषणाईच्या माळा शेजारी असताना, दोन्ही एकत्र येतात.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. तारांना हात किंवा माइकला ओठ लागल्यावर मुंग्या आल्यासारखं किंवा झटका बसल्यासारखं वाटत असेल, तर वाजवणं तिथल्या तिथे थांबवा. तो पिकअपचा प्रश्न नाही, त्या जागेचं अर्थिंग नादुरुस्त आहे किंवा अ‍ॅम्पमध्ये बिघाड आहे. तीन पिनच्या प्लगची अर्थची पिन काढून वाजवणारे लोक मी पाहिलेत. असं कधीही करू नका. यात जीव जातो.

हे सगळं करूनही ब्रिजचा आवाज पातळ वाटतोय, असं धरून पुढे जातो.

हंबकर म्हणजे काय ते समजून घेतलंत तर निवड सोपी होईल. गिब्सन कंपनीतले इंजिनिअर सेथ लव्हर यांनी दोन कॉइल शेजारी ठेवल्या. दुसऱ्या कॉइलचे वेढे उलट आणि तिच्या चुंबकाची बाजूही उलट. बाहेरचा गुणगुणाट दोन्हीत येतो, पण एकमेकांविरुद्ध, म्हणून तो कटतो. तारेचा आवाज दोन्हीत एकाच दिशेने येतो, म्हणून त्याची बेरीज होते. त्यांनी १९५५ साली पेटंटसाठी अर्ज केला, ते मिळालं १९५९ साली. मधल्या काळातल्या पिकअपच्या पाठीवर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची चिठ्ठी असायची, त्याच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून आज लोक ज्याला 'पी.ए.एफ.' म्हणतात तो हा पिकअप. हीच युक्ती पाच जागांच्या स्विचच्या बऱ्याच स्ट्रॅटमध्येही असते: मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आणि उलट चुंबकाचा असेल, तर दुसऱ्या (ब्रिज आणि मधला) आणि चौथ्या (मधला आणि नेक) जागेवर गुणगुणाट थांबतो. तुमच्या गिटारमध्ये तसं होतं का, ऐकून पाहा.

पिकअप शोधायला लागलात की प्रत्येक ठिकाणी किलोओहमचा आकडा दिसेल आणि तो पाहून मोह होईल. जितका आकडा मोठा तितका आवाज दणकट, असं समजू नका. तो फक्त कॉइलच्या तारेचा रेझिस्टन्स आहे. वेढे वाढवले की तो वाढतो हे खरं, पण तार बारीक घेतली तरीही वाढतो. फेंडरच्याच टेलिकास्टर गिटारचं उदाहरण घ्या: तिच्या नेक पिकअपला ४३ गेजची जास्त बारीक तार असते आणि ब्रिजला ४२ गेजची. दोघांचे आकडे जवळपास सारखे येतात, कधी नेकचा जास्तही, तरी नेकचा आवाज मऊ आणि ब्रिजचा धारदार. तापमानानेही आकडा बदलतो. २० अंशांना ७ किलोओहम भरणारा पिकअप नागपूरच्या मे महिन्यात, ४० अंशांना, साडेसातच्या आसपास भरेल. आवाज तोच. एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे दोन पिकअप तोलायचे असतील तेव्हाच हा आकडा उपयोगाचा. कंपनीने इंडक्टन्स हेन्रीमध्ये दिला असेल तर तो आधी वाचा. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅट पिकअपचा दोन-अडीच हेन्री, जुन्या धर्तीच्या हंबकरचा चार-साडेचार, आणि खूप ताकदवान हंबकरचा त्याच्या जवळजवळ दुप्पट. इंडक्टन्स वाढत जातो तसा आवाज जाड होतो आणि वरची चमक कमी होते. मला माझ्या गाण्यांत जी चमक सापडत नव्हती, ती इथेच गेली होती.

चुंबकाबद्दलही खूप वाद ऐकाल. अल्निको म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट घातलेलं लोखंडी मिश्रण. अल्निको २ थोडा मवाळ, अल्निको ५ जास्त जोरकस. सिरॅमिक म्हणजे स्वस्त आणि वाईट, असा समज आहे, पण डिमार्झिओ कंपनीचा १९७२ सालापासूनचा सुपर डिस्टॉर्शन हा हंबकर सिरॅमिकच आहे आणि लोकांनी तो पन्नास वर्षं आवडीने वाजवलाय. स्वस्त गिटारांच्या सिंगल कॉइलमध्ये मात्र रचनाच वेगळी असते: खुंट्या साध्या लोखंडाच्या आणि त्यांच्या तळाशी सिरॅमिकची पट्टी. अस्सल स्ट्रॅट पिकअपमध्ये प्रत्येक खुंटी हाच एक चुंबक असतो. आवाजातला फरक या पूर्ण रचनेमुळे येतो, नुसत्या 'सिरॅमिक' शब्दामुळे नाही.

तुमच्यासाठी माझी निवड सेमूर डंकन कंपनीचा लिटल '५९, ब्रिजचा. सिंगल कॉइलच्या जागेत बसतो, त्यामुळे पिकगार्ड कापावं लागत नाही, गुणगुणाट करत नाही आणि रॉक वाजवताना पुरेसा भरीव आहे. याच कंपनीचा हॉट रेल्स घ्यावासा वाटेल, पण ऑर्केस्ट्रातली जुनी गाणी तुमचं मुख्य काम असेल तर घेऊ नका, तो डिस्टॉर्शनसाठीच बनवलाय. डिमार्झिओचा फास्ट ट्रॅक १ हाही विचारात घेण्यासारखा. बॅटरीवर चालणारे अ‍ॅक्टिव्ह पिकअप तुमच्यासाठी नाहीत, त्यांना ९ व्होल्टची बॅटरी आणि २५ किलोओहमचे वेगळे पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबखाली असलेले भाग) लागतात. जड मेटल वाजवणार असाल तर गोष्ट वेगळी.

नेक आणि मधला सध्या आहेत तेच ठेवा. दोन-तीन महिने वाजवून ते खरंच फिके वाटले, तर अल्निको ५च्या सिंगल कॉइलची जोडी घ्या आणि मधला उलटा गुंडाळलेला आहे याची खात्री करा. घेताना खुंट्यांची उंची बघा. १९५०च्या दशकात तिसरी तार वरून बारीक तार गुंडाळलेली असायची, म्हणून जुन्या नमुन्यात तिच्याखालची खुंटी उंच असते. आजच्या साध्या तिसऱ्या तारेवर तोच पिकअप लावला की ती तार बाकीच्यांच्या डोक्यावरून ओरडते. मी सपाट खुंट्यांचे घेतो.

पॉटचा प्रश्न येणारच. सिंगल कॉइलला २५० किलोओहमचे पॉट, हंबकरला ५००चे, हा रिवाज आहे, कारण लहान पॉट वरची चमक थोडी खातो. तुमचे २५०चे असतील तर ते तसेच राहू द्या. टोचणं कमी करायचंय तुम्हाला, तेव्हा ते मदतच करतील. आयात केलेल्या स्वस्त गिटारांत पॉटची भोकंही लहान असतात, मोठ्या मापाचे पॉट आणले की पिकगार्डला भोक वाढवावं लागतं.

मागवण्यापूर्वी पिकगार्ड उघडून खोबणीची खोली मोजा. काही गिटारांची बॉडी पातळ असते आणि दोन थरांचे पिकअप खाली टेकतात. सोल्डर केलेला पिकअप दुकानदार सहसा परत घेत नाहीत, त्यामुळे हे आधीच पाहिलेलं बरं.

जोडणीत बहुतेक लोक रंगांमध्ये अडकतात. चार तारांच्या हंबकरमध्ये प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. सेमूर डंकनमध्ये काळी तार सिग्नलची, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून टेप लावायची, हिरवी आणि उघडी तार ग्राउंडला. डिमार्झिओमध्ये सिग्नलची तार लाल, काळी आणि पांढरी एकत्र, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. दुसऱ्या कंपनीच्या पिकअपशेजारी बसवताना दुसरी जागा, म्हणजे ब्रिज आणि मधला एकत्र, वाजवून पाहा. आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा आणि एकदम बारीक झाला, तर दोघे एकमेकांविरुद्ध फेजमध्ये आहेत. लिटल '५९ची काळी आणि हिरवी तार आपसात बदलली, उघडी तार ग्राउंडलाच ठेवली, की काम होतं.

सोल्डरसाठी ३० ते ४० वॅटचं सोल्डरिंग आयर्न आणि रोझिन असलेली ६०/४०ची सोल्डरची तार पुरते. आयर्न पॉटच्या पाठीवर फार वेळ टेकवू नका, आतला कार्बनचा पट्टा जळतो. उघडण्यापूर्वी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा. जुना पिकअप कापून फेकू नका, तारांना टेप लावून डबीत ठेवा. गिटार विकताना मूळ भागांसकट विकली तर भाव बरा येतो.

आणि तारा चढवून पिकगार्डचे सगळे स्क्रू पिळण्याआधी, दोन स्क्रूंवर ते टेकवून गिटार अ‍ॅम्पला जोडा, आवाज अगदी कमी ठेवा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने प्रत्येक पिकअपवर हलकेच टकटक करा. स्विचच्या पाचही जागांवर त्या त्या पिकअपची टकटक ऐकू आली की मगच उरलेले स्क्रू लावा.