वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतील शहरे आणि रस्त्यावरची आक्रमकता

या अंकासाठी आलेली बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत. अमेरिकेत एका शहरातून दुसऱ्या शहरात राहायला गेलेल्या, किंवा मुले तिकडे असल्यामुळे अधूनमधून जाणाऱ्या वाचकांना तिथल्या रस्त्यांवरच्या वागण्यात फार मोठा फरक जाणवतो आणि त्याचे कारण त्यांना समजून घ्यायचे आहे. त्यांपैकी काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहे.

प्रश्न : अमेरिकेत सर्वांत आक्रमकपणे गाडी चालवणारे शहर कोणते? एका यादीत बोस्टन तळाला असते, दुसरीत मायामीला दोष दिलेला असतो, तिसरीत न्यूयॉर्कला. यांतली कोणती यादी खरी मानावी?

या याद्या खोट्या नसतात, पण प्रत्येक यादी निराळी गोष्ट मोजते आणि बातमीच्या मथळ्यात मात्र सगळ्यांवर ‘सर्वांत वाईट चालक’ असा एकच शिक्का बसतो. ऑलस्टेट या विमा कंपनीने दोनशे मोठ्या शहरांची जी क्रमवारी लावली, ती विमाधारकांच्या दाव्यांवर आधारलेली होती. त्या हिशेबाने देशातील सर्वसाधारण चालकाच्या वाट्याला दहा वर्षांतून एखादी टक्कर येते, तर बोस्टन आणि बॉल्टिमोर येथे हेच अंतर चार वर्षांच्या आसपास भरते. ऑटोव्हँटेज या कंपनीची सर्वेक्षणे याहून वेगळी होती, कारण त्यांत चालकांनाच त्यांचे अनुभव विचारले जात. तिथे २००६ ते २००८ या काळात मायामीची सर्वाधिक बदनामी झाली आणि २००९ मध्ये ती न्यूयॉर्कच्या वाट्याला आली. म्हणजे पहिल्या यादीत बंपर घासल्याची नोंद आहे आणि दुसरीत लोकांना झालेल्या मनस्तापाची. माणसे कुठे मरतात, हे या दोन्ही याद्यांतून कळत नाही.

ते पाहायला गेले की चित्र जवळजवळ उलटे होते. २०२१ मध्ये अमेरिकेत वाहनांच्या दर दहा कोटी मैल प्रवासामागे सुमारे १.३७ मृत्यू झाले. बोस्टन ज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील चालकांना देशभर नावे ठेवली जातात, पण, तिथे हा आकडा सुमारे ०.७, म्हणजे देशात सर्वांत कमी असलेल्यांपैकी होता; आणि सौजन्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या दक्षिणेकडील साउथ कॅरोलायनात तो २ च्या वर गेला होता. राज्यांच्या आकड्यांत ग्रामीण रस्तेही येतात आणि ते शहरातल्या रस्त्यांपेक्षा अधिक जीवघेणे असतात, हे लक्षात ठेवले पाहिजे. पण केवळ महानगरांची आणि त्यातही पादचाऱ्यांच्या मृत्यूंची तुलना केली, तरी मेम्फिस आणि आल्बकर्की यांच्यासारखी, आक्रमकतेच्या गप्पांत क्वचितच नाव निघणारी शहरे वर येतात. बोस्टन तिथे कुठेच जवळपास नसते.

याचे कारण वेग हे आहे. बोस्टनमध्ये कोणी आपल्यापुढे दांडगाईने घुसला, तरी त्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यावर दोन्ही गाड्यांचा वेग बहुधा ताशी वीस-पंचवीस मैलांचा असतो; पत्रा चेपतो, दावा दाखल होतो, माणसे घरी जातात. मेम्फिससारख्या शहरात मात्र सहा-सात लेनचे सरळ रुंद रस्ते दुकानांच्या आणि बसथांब्यांच्या अगदी पुढून जातात, दोन सिग्नलांमध्ये बरेच अंतर असते, आणि तिथे पंचेचाळीस-पन्नासने जाणारा चालक कोणावर हॉर्न वाजवत नाही की हातवारे करत नाही. एएए या अमेरिकी वाहनचालकांच्या संघटनेच्या संशोधन संस्थेने २०११ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार ताशी २३ मैल वेगाच्या गाडीची धडक बसल्यास पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता सरासरी १० टक्के असते, तर ४२ मैलांना ती ५० टक्के होते. म्हणून माझे मत असे आहे की, आपल्याला चीड आणणारी आक्रमकता आणि आपला जीव घेणारी आक्रमकता या दोन्ही वेगळ्या मोजल्या पाहिजेत. आपण रागावतो ती पहिलीवर. दुसरी आपल्या अंगवळणी पडलेली असते. टेक्सासमध्ये ७ नोव्हेंबर २००० नंतर रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही असा एकसुद्धा दिवस गेलेला नाही, ही गोष्ट तिथले राज्य परिवहन खातेच लोकांना वारंवार सांगत असते. आणि तरीही टेक्सासचे चालक उद्धट आहेत अशी तक्रार फारशी ऐकू येत नाही.

प्रश्न : मग हा फरक माणसांच्या स्वभावातला नाही, असे आपले म्हणणे आहे का? ईशान्येकडची माणसे तापट आणि पश्चिम किनाऱ्यावरची शांत असतात, असे आम्ही नेहमी ऐकतो.

स्वभावाचा वाटा शून्य आहे असे मी म्हणणार नाही, पण तो आपण समजतो त्याहून बराच लहान असावा. फिलाडेल्फियातील रूझवेल्ट बुलेव्हार्ड हा बारा लेनचा रस्ता वर्षानुवर्षे अपघातांसाठी कुप्रसिद्ध होता. २०२० मध्ये तिथे वेग टिपणारे कॅमेरे बसले आणि दंडाची पत्रे घरी येऊ लागली. त्यानंतर वेगमर्यादा मोडण्याच्या नोंदी ९० टक्क्यांहून अधिक घटल्या. शहर तेच, माणसे तीच, त्यांचा तापटपणाही तोच. बदलली ती फक्त पकडले जाण्याची खात्री. याच्या उलट उदाहरण देशभर एकाच वेळी पाहायला मिळाले. २०२० मध्ये साथीमुळे रहदारी घटली, रस्ते मोकळे झाले, पोलिसांनी गाड्या थांबवणे कमी केले, आणि गाड्या कमी असूनही मृत्यू वाढले. २०१९ मधील सुमारे ३६ हजारांवरून ते २०२१ मध्ये ४३ हजारांवर गेले. मोकळा रस्ता आणि सैल पहारा मिळाला की शांत समजली जाणारी शहरेही वेग वाढवतात.

न्यू जर्सीतील होबोकेन हे न्यूयॉर्कच्या अगदी समोरचे दाट वस्तीचे शहर. तिथले चालक काही वेगळ्या मातीचे नाहीत. पण त्या शहराने चौकांच्या कोपऱ्यांवर गाड्या उभ्या करण्यास मज्जाव करून वळणावरचा माणूस दुरून दिसेल अशी व्यवस्था केली, आणि २०१७ च्या आरंभापासून पुढे अनेक वर्षे तिथे रस्ते अपघातात एकही मृत्यू झाला नाही.

प्रश्न : मी बरीच वर्षे सिॲटलमध्ये गाडी चालवत आहे. नोकरीनिमित्त आता बोस्टनला जावे लागणार आहे आणि तिथल्या चालकांविषयी जे ऐकतो त्याने धास्ती वाटते. काय तयारी करावी?

आधी सिॲटलच्या सवयींकडे थोडे परखडपणे पाहावे, कारण आपल्याला अडचण तिथूनच येणार आहे. चारी बाजूंना थांबण्याची पाटी असलेल्या चौकात सिॲटलचा चालक आपली पाळी असतानाही समोरच्याला हाताने ‘आधी तुम्ही’ म्हणतो, समोरचाही तसेच करतो, मग दोघेही एकाच क्षणी निघतात आणि दोघेही दचकून ब्रेक दाबतात. हे सौजन्य मनापासूनचे असते, पण रस्त्यावर ते नेहमी सुरक्षित असतेच असे नाही. दोन लेनच्या रस्त्यावर एका लेनमधला चालक भलेपणाने थांबून वळणाऱ्या गाडीला हात करतो, ती गाडी विश्वासाने पुढे येते, आणि शेजारच्या लेनमधून येणाऱ्याला या देवाणघेवाणीची काहीच कल्पना नसते. कोणाची पाळी कधी, हे सर्वांना आधीच ठाऊक असणे हीच रस्त्यावरची खरी सभ्यता आहे, असे मला वाटते.

बोस्टनमध्ये रस्तेच एकमेकांशी काटकोनात नाहीत. ते वसाहतकाळापासून वाढत गेले आहेत, लेनच्या रेषा कित्येक ठिकाणी पुसट असतात, आणि पाचवा-सहावा रस्ता येऊन मिळतो असे चौक आहेत. जिथे रेषा बोलत नाही तिथे माणूस गाडीचे नाक पुढे काढून आपला हेतू सांगतो. बाहेरून आलेल्याला तो ‘बळी तो कान पिळी’ असा कारभार वाटतो. प्रत्यक्षात त्यात एक रीत आहे: संथ वेगाने, ठामपणे आणि अडखळल्याविना पुढे यायचे, म्हणजे मागचा आपल्याला जागा देतो. रिकामी जागा दिसूनही आपण थबकलो की मागचे हॉर्न सुरू होतात आणि शेजारचा त्या जागेत शिरतो.

काही नेमक्या गोष्टी आधीच माहीत असाव्यात. तिथल्या गोल चौकात, ज्याला स्थानिक लोक रोटरी म्हणतात, आतल्या गाडीचा हक्क पहिला असतो. बाहेरून येणाऱ्याने थांबायचे. आत असताना भलेपणाने थांबून बाहेरच्याला बोलावले, तर मागून धडक बसण्याचीच शक्यता अधिक. शहराबाहेरच्या काही महामार्गांवर गर्दीच्या ठरावीक वेळांत उजवीकडची, एरवी बंद पडलेल्या गाड्यांसाठी राखलेली पट्टी वाहतुकीला खुली असते. तिथून भरधाव जाणाऱ्या गाडीला पाहून संतापू नये, ती कायद्याने जात असते, पण उजवीकडे वळताना ती पट्टी अवश्य पाहावी. शहराखालच्या बोगद्यांत फोनवरचा नकाशा कधी कधी वाट सोडतो आणि बाहेर पडायचे फाटे अगदी जवळजवळ येतात, तेव्हा फाट्याचा क्रमांक आत शिरण्यापूर्वीच पाठ करून ठेवावा. आणि सामान भाड्याच्या ट्रकमधून नेणार असाल, तर नदीकाठच्या स्टॉरो ड्राइव्हवर चुकूनही जाऊ नका. त्या रस्त्यावरचे पूल इतके बुटके आहेत की दर वर्षी १ सप्टेंबरच्या सुमारास, विद्यार्थी घरे बदलतात तेव्हा, एखाद्या ट्रकचे छप्पर तिथे हटकून सोलले जाते.

धास्ती मात्र बाळगू नका. शहराची सर्वसाधारण वेगमर्यादा २०१७ पासून ताशी २५ मैल आहे आणि बहुतेक वेळा गर्दीमुळे तेवढाही वेग मिळत नाही.

प्रश्न : आमची मुलगी अटलांटात असते. तिथल्या महामार्गावर सगळेच मर्यादेहून पंधरा-वीस मैल अधिक वेगाने जातात. तिने मर्यादा पाळली तर मागचे अगदी बंपरला चिकटतात. तिने काय करावे?

अटलांटाला वळसा घालणाऱ्या आय-२८५ या महामार्गावर २००६ मध्ये काही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सर्व लेनमध्ये गाड्या बरोबरीने ठेवून तेव्हाची ५५ मैलांची मर्यादा काटेकोरपणे पाळली होती. मागे गाड्यांची भलीमोठी रांग लागली, लोक संतापले, काहींनी रस्त्याच्या कडेने पुढे काढले. लिहिलेला वेग आणि चालणारा वेग यांत तिथे केवढी दरी आहे, हे त्यातून दिसले. पण मुलांनी दाखवलेला मार्ग अनुकरणीय नव्हता, कारण सर्व लेन अडवणे हाही रस्त्यावरचा धोकाच आहे.

आपल्या मुलीने मर्यादेच्या जवळ राहावे आणि उजवीकडच्या लेनमध्ये राहावे. मात्र अगदी कडेच्या लेनमध्ये सतत गाड्या येऊन मिसळत असतात, म्हणून रस्ता रुंद असेल तिथे त्या लेनच्या शेजारची लेन बरी. अटलांटा ज्या राज्यात आहे त्या जॉर्जियात डावीकडची लेन पुढे जाणाऱ्यांसाठी मोकळी ठेवावी असा कायदा आहे, तेव्हा तिथे राहून मागच्याला शिस्त लावण्याचा प्रयत्न करू नये. मागचा चिकटलाच, तर ब्रेकचे दिवे दाखवून त्याला धडा शिकवण्यापेक्षा आपल्या पुढचे अंतर वाढवावे, म्हणजे अचानक ब्रेक दाबण्याची वेळच येणार नाही. सगळे जातात म्हणून आपणही जावे, हा सल्ला मी देणार नाही. २०१० पासून त्या राज्यात कुठेही ८५ मैल किंवा त्याहून अधिक वेगाने पकडले गेल्यास नेहमीच्या दंडाखेरीज २०० डॉलर वेगळे भरावे लागतात. आणि इतर राज्यांचे कायदेही सारखे नाहीत: उत्तरेकडे व्हर्जिनियात ८५ च्या वर वेग गेला की तो साधा दंडाचा विषय न राहता फौजदारी गुन्हा ठरतो आणि त्यासाठी तुरुंगवासाची तरतूद आहे.

प्रश्न : न्यूयॉर्कमध्ये सतत हॉर्न वाजतात. तिथे त्यावर बंदी नाही का?

बंदी आहे. धोक्याचा इशारा देण्याखेरीज हॉर्न वाजवणे तिथे दंडनीय आहे, पण ते पकडणे अवघड असते. बाहेरून येणाऱ्यांनी दुसरे एक लक्षात ठेवावे: देशात जवळजवळ सर्वत्र लाल दिव्यावर थांबून उजवीकडे वळता येते, पण न्यूयॉर्क शहरात पाटी लावून परवानगी दिलेली नसेल तर तसे वळता येत नाही. अशा वेळी मागच्याने हॉर्न वाजवला, तरी थांबूनच राहावे.

प्रश्न : लेन बदलण्यावरून एका चालकाने माझा बराच वेळ पाठलाग केला. पुन्हा असे झाले तर काय करावे?

अमेरिकेतील राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा प्रशासन या दोन गोष्टींत स्पष्ट भेद करते: बेपर्वा, आक्रमक चालवणे हा वाहतुकीचा गुन्हा आहे, आणि दुसऱ्याला इजा करण्याच्या हेतूने केलेला हल्ला हा फौजदारी गुन्हा. पाठलाग सुरू झाला की प्रकरण पहिल्याकडून दुसऱ्याकडे झुकू लागलेले असते, म्हणून त्याकडे रहदारीतली कुरबूर म्हणून पाहू नये. ज्या देशात अनेक गाड्यांमध्ये बंदूक असते, तिथे चूक कोणाची होती हा वाद घालण्यात अर्थ नाही. नजरेला नजर देऊ नये, हातवारे करू नयेत, काच खाली करू नये, आणि समजूत काढण्यासाठी गाडीतून उतरू तर मुळीच नये. घराकडे वळू नका, कारण त्याला पत्ता कळतो. दारे बंद ठेवून ९११ ला फोन लावा, रस्त्याचे नाव, दिशा आणि मागच्या गाडीचा रंग सांगा, आणि जवळच्या पोलीस ठाण्याकडे किंवा गर्दी व उजेड असलेल्या जागी जा. सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीची मागची चाके आपल्याला दिसतील एवढे अंतर सोडा. तेवढ्या जागेत गाडी बाजूला काढून निघून जाता येते.