गाडीतल्या १००० वॅट आरएमएसच्या (म्हणजे सतत देता येणाऱ्या पॉवरच्या) अ‍ॅम्पला, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला, स्टिरिओच्या मागच्या वायरमधून पॉवर देता येईल का? हेडलाइट मंद होत असतील तर कपॅसिटर लावू का?

नाही, स्टिरिओच्या वायरमधून अजिबात घेऊ नका. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून थेट वेगळी केबल ओढा. हिशोब साधा आहे: क्लास डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारच्या) अ‍ॅम्पची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर १००० वॅटसाठी साधारण १२५० वॅट खेचले जातात, म्हणजे १३.८ व्होल्टला जवळपास ९० अँपिअर. स्टिरिओच्या वायरला बहुधा १०-१५ अँपिअरचाच फ्यूज असतो. डिकीपर्यंत ४-५ मीटर अंतर असेल तर शुद्ध तांब्याची ४ गेज केबल चालेल (गेज म्हणजे जाडीचं माप; आकडा लहान तितकी केबल जाड). स्वस्त केबलची एक तार ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरट दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. मग ४ गेज पुरणार नाही, अजून जाड घ्यावी लागेल. बाकी दोन गोष्टी:

- १०० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत. तो केबल वाचवतो, अ‍ॅम्प नव्हे. केबल कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर आग लागते.
- अर्थिंग (अ‍ॅम्पच्या निगेटिव्हपासून गाडीच्या पत्र्याला जाणारी वायर) तेवढ्याच जाडीचं आणि आखूड. बॉडीचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा दिसला की मगच बोल्ट कसा. निम्म्या तक्रारी, माझ्या मते, इथेच असतात.

कपॅसिटर वीज फक्त थोडा वेळ साठवतो, करंट तयार करत नाही, त्यामुळे आधी अर्थिंग आणि बॅटरीचे टर्मिनल तपासा. मात्र अल्टरनेटरच (इंजिनवर चालून वीज बनवणारा भाग) ७०-८० अँपिअरचा असेल, तर सगळं नीट जोडूनही मोठ्या आवाजात लाइट मंद होऊ शकतात. तेव्हा अ‍ॅम्पवरचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) कमी करा, नाहीतर मोठा अल्टरनेटर बसवा.