मिवा पर्वताचा बेत दुपारी ठेवू नका

सकाळी जपानमधल्या नारा शहराची हरणं आणि दुपारी जवळचा मिवा पर्वत, असा बेत आई-वडिलांना घेऊन जमेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही जमणार. बाबांना घेऊन मी नेमका हाच बेत आखला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पायथ्याच्या ओमिवा जिंजाला (जिंजा म्हणजे शिंतो देवस्थान) गाभारा नाही. ४६७ मीटर उंचीचा तो डोंगरच देव. आवार दिवसभर उघडं असतं, पण डोंगरावर जायची नोंदणी वेगळी, ती जवळच्या साई जिंजात. सध्या ती सकाळी ९ ते १२ एवढीच, आणि ३ च्या आत खाली यायचं. मी पर्यटकांच्या एका चौकशी कार्यालयात दोनदा विचारलं होतं, ‘चढायला किती वाजेपर्यंत सोडतात?’ दोन्ही वेळा उत्तर एकच, संध्याकाळपर्यंत उघडं असतं. आम्ही साडेबाराला पोचलो. देवाचा डोंगर म्हणून बाबा सकाळपासून उपाशी होते. नोंदणीच्या खिडकीतल्या माणसाने वाकून माफी मागितली, पण सोडलं नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी परतीचं विमान. आता बाबांचे गुडघे चढ घेत नाहीत. माहीत नसेल तर ‘फोन करून सांगतो’ म्हणायला काय लागतं? त्याचा राग अजून गेलेला नाही.

पुढे मी एकटा जाऊन आलो. ३०० येन, नाव-पत्ता-फोन लिहायचा, घुंगरू लावलेला पांढरा पट्टा गळ्यात घालायचा. वर फोटो नाही, खाणं नाही, पाणी तेवढं चालतं. स्वच्छतागृहही नाही. जाऊन-येऊन चारेक किलोमीटर, पण चढ खडा आहे. आपल्या देवराईसारखंच, तिथली काडीही उचलायची नाही.

मी जाणकार नाही, वेळा बदलतात, सणांना आणि खराब हवेत चढाई बंदही असते. आदल्या दिवशी देवस्थानालाच विचारा, मधल्या कुणाला नको. माझं स्पष्ट मत, आई-वडिलांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना चढवूच नका. खालून डोंगराला दोनदा वाकून, दोन टाळ्या वाजवून, पुन्हा एकदा वाकून नमस्कार करू द्या, आणि साई जिंजातल्या विहिरीचं पाणी प्यायला द्या. ओमिवा जिंजाच्या आवारातल्या जुन्या देवदाराखाली सर्परूपातल्या देवाला अंडी वाहिलेली दिसतील, ते त्यांना आधीच सांगून ठेवा.

जाताना नाराहून जेआर रेल्वेने मिवा स्टेशन, अर्ध्या तासाच्या आसपास. तिथल्या सोमेन शेवया प्रसिद्ध आहेत, पण घरचे शाकाहारी असतील तर आधी विचारा. रस्सा बहुतेक वेळा माशाचा असतो.