अमापियानो हा संगीतप्रकार नेमका कुठला, आणि ऐकायला सुरुवात कोणापासून करावी?

अमापियानो हे दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग-प्रिटोरिया परिसराच्या टाउनशिपांमध्ये (शहरालगतच्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमध्ये) २०१० नंतरच्या दशकात घडलेले नृत्यसंगीत असून, त्यात डीप हाउस (इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा एक प्रकार), जॅझ आणि क्वाइटो (दक्षिण आफ्रिकेतलेच, हाउसवर आधारलेले संथ लयीचे संगीत) यांचे मिश्रण आढळते. मिनिटाला साधारण ११० ते ११५ ठोक्यांची सैलसर लय आणि संगणकावर तयार केलेल्या ‘लॉग ड्रम’चा घुमणारा, मध्येच घसरत जाणारा खर्ज ही त्याची खरी ओळख होय. आरंभी मोठ्या रेडिओ केंद्रांनी फारशी दखल न घेतल्याने ही गाणी व्हॉट्सअॅपवरून आणि मिनीबस टॅक्सींमधून पसरली. ‘स्कॉर्पियन किंग्ज’ या नावाने एकत्र काम करणाऱ्या काब्झा डी स्मॉल आणि डीजे माफोरिसा यांच्यापासून सुरुवात करावी. २०२४ मध्ये ग्रॅमी मिळवणारी गायिका टायला अवश्य ऐकावी, मात्र तिच्या गाण्यांत पॉपचा अंश (माझ्या मते जरा जास्तच) असल्याने अस्सल अमापियानोची कल्पना त्यांवरून येणार नाही.