लायपोसोममध्ये भरूनही झिंक थॅलोसायनिन पेशी का मारत नाही?

तुमचा प्रश्न असा: फोटोडायनॅमिक थेरपीसाठी (प्रकाशाने औषध जागं करून पेशी मारण्याची पद्धत) झिंक थॅलोसायनिन हे निळं औषध डीपीपीसी या मेदाच्या लायपोसोममध्ये, म्हणजे सूक्ष्म पोकळ गोळ्यांत भरलं, डायलिसिसनंतर (बारीक छिद्रांच्या पिशवीतून सुटं औषध धुऊन काढल्यावर) ९५ टक्के औषध आत दिसतं, तरी लाल प्रकाशात कर्करोगाच्या पेशी फारशा मरत नाहीत. मला शंका त्या ९५ टक्क्यांचीच आहे.

हे औषध पाण्यात विरघळत नाही. जे लायपोसोममध्ये शिरलं नाही त्याच्या गुठळ्या होतात आणि त्या डायलिसिसच्या पिशवीतून बाहेर पडत नाहीत. तुम्ही त्याही 'आतल्या' म्हणून मोजताय. नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये ५,००० g वर (गुरुत्वाकर्षणाच्या ५,००० पट) १० मिनिटं फिरवा. तळाशी निळा ठिपका बसला तर ते न भरलेलं औषध.

वरचा द्रव तसाच स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये लावा. ६७० नॅनोमीटरच्या आसपास उंच, टोकदार शिखर म्हणजे रेणू सुटे आहेत. शिखर बसकं आणि ६३०कडे फुगवटा असेल तर ते एकमेकांना चिकटलेत. चिकटलेला रेणू प्रकाश शोषतो, पण ऊर्जा उष्णतेत घालवतो. पेशी मारणारा सिंगलेट ऑक्सिजन (ऑक्सिजनचं अतिक्रियाशील रूप) जेमतेम बनतो. लायपोसोमच्या पडद्यातही गर्दी झाली की हेच होतं. म्हणून ठासून भरू नका.

१० मायक्रोमोल डीपीपीसीला (७.३ मिलिग्रॅम) ०.१ मायक्रोमोल औषध (५८ मायक्रोग्रॅम) इथून सुरुवात करा. एवढंसं वजन करत बसू नका, पिरिडीन या द्रावकात दाट द्रावण (स्टॉक) बनवून त्यातून घ्या. द्रावक उडवल्यावर उरलेली मेद-औषधाची पातळ फिल्म रात्रभर व्हॅक्यूमखाली ठेवा; पिरिडीन उरलं तर पेशी अंधारातच मरतील. नंतर लायपोसोम १०० नॅनोमीटरच्या फिल्टरमधून काढताना तापमान ५० अंश ठेवा. डीपीपीसी ४१ अंशांखाली घट्ट होतं आणि फिल्टर तुंबतो.

प्रकाश ५० मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर, २०० सेकंद, म्हणजे प्रति चौरस सेंटिमीटर १० ज्यूल. तीव्रता प्लेटच्या पातळीवरच मोजा. दिवा फार प्रखर असेल तर ऑक्सिजन पोचण्याआधीच संपतो. नुसता प्रकाश, नुसतं औषध, आणि रिकामे लायपोसोम अधिक प्रकाश, हे तिन्ही कंट्रोल (तुलनेचे नमुने) हवेतच.

प्राण्यांकडे जाण्याआधी सीरममध्ये ३७ अंशांवर ठेवून बघा; औषध पडद्यातून निसटून लायपोप्रोटीनवर (रक्तातल्या मेद वाहणाऱ्या कणांवर) जातं. लायपोसोममधल्या वर्टेपोर्फिन या तशाच प्रकाश-औषधाचंही तसंच होतं, पण २००० साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या त्याच्या डोळ्यांच्या उपचारात इंजेक्शन सुरू केल्यापासून १५ मिनिटांनी प्रकाश देतात, आणि लक्ष्य रक्तवाहिन्याच असतात. तुम्ही गाठीसाठी काही तास थांबणार असाल, तर औषध तोवर वाहकात टिकतं का, हे आधी मोजा. पेग (पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं आवरण) लावल्याने लायपोसोम रक्तात जास्त वेळ राहील, पण निसटलेलं औषध परत येणार नाही.