लहानपणीच्या कॅन्सरचे उपचार संपून वर्षं झाली, आता पाठपुरावा कसा ठेवायचा?

ताई, लेक एकोणीस वर्षांची झाली आणि तुम्ही आत्ताच विचारलंत, हे फार बरं केलंत. सगळं एकदम अंगावर घेऊ नका.

आधी कागद. जिथं उपचार झाले तिथून उपचारांचा सारांश मागून घ्या. कोणती औषधं, त्यांचा एकूण डोस, रेडिएशन कुठल्या भागाला आणि किती, हे त्यात हवंच. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाचा एकूण डोस दर चौरस मीटरला २५० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल, तर हृदयाला धोका अधिक. तो कित्येक वर्षांनीही दिसू शकतो. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, किती वर्षांनी करायचा, हे या आकड्यावरून ठरतं.

मग तुमच्या कोल्हापुरातलाच एक फिजिशियन कायमचा धरा. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात उपचार पूर्ण झालेल्यांसाठी १९९१ पासून वेगळं क्लिनिक आहे. तिथली ठरलेली भेट महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जमते, पण मधल्या दुखण्याला इथलाच माणूस लागतो. दोन्हीकडं एकच फाईल असू दे.

सुरुवातीला हे हमखास चुकतं:
- दम लागत नाही म्हणून इको टाळणं.
- लग्नाच्या बोलण्यात अडचण नको म्हणून फाईल दडवणं. स्थळाला काय सांगायचं ते तुम्ही दोघी ठरवा, पण गरोदरपणात डॉक्टरांपासून काही लपवू नका. हृदयावर ताण तेव्हाच वाढतो.
- फाईल आईनंच सांभाळणं. पुढच्या भेटीत लेकीलाच बोलू द्या.

थायरॉइड, लसी वगैरे नंतर बघू. सारांश हातात आला की कळवा.